दहापैकी दीड

“आणि हा दीड तरी कशाचा दिला?”

विश्रामबापूंनी विचारलं, पण मान वर केली नाही. ओल्या बोटांनी ते सोंडेचं वळण गुळगुळीत करत होते.

निलाक्षीला वाटलं, लागलंच शेवटी यांना. लागणारच. शहात्तर वर्षांचा माणूस, अख्ख्या खाडीपट्ट्यात ज्याच्या मूर्तीशिवाय लोकांची चतुर्थी होत नाही, त्याला तोंडावर सांगायचं की तुम्हाला दहापैकी दीड गुण पडले... एसटीत बसल्यापासून ती ते वाक्य मनात घोळवत आली होती. तरी बाहेर पडायचं तेव्हा ते ओबडधोबडच पडलं.

“सरासरी आहे ती, बापू. अकरा परीक्षक होते. कुणी एक दिला, कुणी दोन.”

“पण दिला ना? मग कशाचा?”

“तसं वेगळं लिहिलेलं नाही.”

“हं...”

बोटं पुन्हा सोंडेवर गेली.

डॉ. निलाक्षी पाटणकर पुण्याला मानसशास्त्र शिकवायची. माणसाला नवं काही सुचतं कसं, कलावंताचं मन चालतं कसं, हा तिचा अभ्यास. तीन वर्षांपूर्वी ती बापूंच्या गणपतीच्या शाळेत आली. शाळा म्हणजे काय, तर कौलारू पडवी, चिकणमातीचे ढीग आणि भिंतीला टेकून ठेवलेले पाट. तिने वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, “मला शिष्य करून घ्या.”

बापूंनी वर्षभर तिला नुसती माती मळायला लावली.

तिने तेही निरीक्षण म्हणून वहीत टिपून घेतलं.

आता येत्या गुरुवारी पुण्यात मोठी परिषद होती. देशभरातली जाणती माणसं समोर बसणार, आणि तिला वीस मिनिटं मिळणार. ती नीट पार पडली तर विभागातली नवी प्रयोगशाळा तिच्या हाती येणार होती. सगळं तयार होतं. फक्त बापूंच्या मूर्तींचे फोटो आणि त्यांचं नाव वापरायला बापूंची सही हवी होती.

म्हणून श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारी ती पडवीत लॅपटॉप उघडून बसली होती, आणि गुरूला त्याच्याच हातांबद्दल समजावून सांगत होती.

“पुन्हा पहिल्यापासून सांगते. तीन वर्षं मी तुमच्या सगळ्या मूर्तींचे फोटो काढले. कुणाच्या आहेत ते न सांगता परीक्षकांना दाखवले. बाकीच्या मूर्तींना आठ, नऊ, साडेनऊ. एकाने तर दहा दिले.”

“त्याला चष्मा लागला असेल.”

“बापू, ऐका ना. पण दर वर्षी एक मूर्ती अशी निघते...” तिने पडद्यावर बोट ठेवलं. “डावा कान एवढासा. उजवा डोळा तांदळाच्या दाण्याएवढा खाली. पोटावर अंगठा रुतलेला, तो पुसायचाही राहून गेलाय. पहिल्या वर्षी हिला अडीच मिळाले. दुसऱ्या वर्षी दोन. गेल्या वर्षी दीड.”

फोटोशेजारी तीन ठिपके होते. त्यांना जोडणारी एक लाल रेघ होती.

“रेघ खाली चाललीय, बापू.”

बापूंनी आता कुठे वर पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

“चाललीय खरी...” ते म्हणाले.

त्यांच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकून गेलं. दुसऱ्या कुणाच्या चेहऱ्यावर असतं तर निलाक्षीने त्याला समाधान म्हटलं असतं. तिला वाटलं, धक्का बसलाय यांना.

तिने आवाज आणखी मऊ केला.

“तीच चूक, त्याच जागी, तीनदा. आणि दर वर्षी वाढलेली. त्यावरून मी असं मांडतेय की उतारवयात कलावंताची प्रतिभा एकदम जात नाही. आधी एखाद्याच कामातून निसटते. बाकीच्या ठिकाणी हात सवयीने चालत राहतो, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. माझा सगळा निबंध या एका मूर्तीवर उभा आहे. पण... परिषद राहू दे बाजूला. तुम्ही एकदा रत्नागिरीला मेंदूच्या डॉक्टरांना दाखवा. मी येते बरोबर.”

“हात कापत नाही माझा.”

“म्हणूनच तर जास्त काळजी वाटते.”

बापू हसले. “माती मळायचीस तेव्हा तिच्यातून किती खडे काढलेस ग?”

“ते नाही मोजले.”

“मग तेवढंच एक राहिलं म्हणायचं तुझं मोजायचं.”

निलाक्षीला ते थोडं झोंबलं. “मोजण्यात माझी चूक नाही, बापू. फार जपून केलंय. मागे सगळीकडे एकच पांढरा कपडा. उजेड एकसारखा. खालचे पाटसुद्धा कापून टाकले.”

बापूंची बोटं थांबली.

“पाट कापलेस?”

“फोटोतले हो!”

“हं...”

त्या मुलुखात प्रत्येक घराचा पाट ठरलेला असतो. श्रावणात माणसं तो शाळेत आणून ठेवतात, वर सुपारी ठेवतात. त्या घरचा गणपती त्याच पाटावर घडतो आणि हरितालिकेच्या दिवशी त्याच पाटावर बसून घरी जातो. निलाक्षीला हे पाठ होतं. निबंधाच्या चौथ्या पानावर तिने ते लिहिलंही होतं. पण प्रत्येक पाटाच्या कडेला कुणाचं ना कुणाचं नाव रंगवलेलं. परीक्षकांचं लक्ष उगाच तिकडे जायला नको, म्हणून फोटो सगळे पाटाच्या वरून कापलेले.

“बापू, आहात का?”

दारात अनसूयाबाई भुवड उभ्या होत्या. साठीच्या, अंगाने काटकुळ्या. पदर खोचलेला, काखेत पाट. सकाळपासून पोटात काही नसलेलं माणूस बोलतं तसं त्या बेताबेताने बोलत होत्या.

“उशीर झाला यंदा. महादेवाला बेल वाहिला आणि तशीच निघाले.”

“दूध तरी घे घोटभर.”

“संध्याकाळी. दिवा लावल्यावर.” त्यांनी निलाक्षीकडे पाहून मान हलवली. “तुम्ही त्या पुण्याच्या बाई ना? दर वर्षी फोटो काढता त्या?”

“हो, काकू.”

अनसूयाबाईंनी पाट खाली ठेवला. त्यावर सुपारी ठेवली. पाटाच्या कडेला लाल तैलरंगात लिहिलं होतं, ल. वि. भुवड.

बापूंनी बादलीत हात धुतले. पंच्याला पुसले. सुपारी उचलून कपाळाला लावली, खिशात टाकली. आता ते पाट भिंतीशी नेऊन ठेवणार, असं निलाक्षीला वाटलं.

त्यांनी पाट उचलला नाही. दोन्ही हातांनी तिचा लॅपटॉप उचलला आणि हळूच त्या पाटावर नेऊन ठेवला.

“बापू, अहो पाणी लागेल त्याला...”

बापू बाजूला सरकले.

पडद्यावर ती मूर्ती होती. एवढासा कान. खाली उतरलेला डोळा.

अनसूयाबाई वाकल्या. डोळे बारीक करून पाहू लागल्या... आणि एकदम सरळ झाल्या. खोचलेला पदर सोडून त्यांनी दोन्ही खांद्यांवरून घेतला. हात जोडले.

“अगं बाई... हा तर आमचा गणपती!”

निलाक्षी पुढे सरकली.

“तुमचा?”

“आमचाच की. गेल्या वर्षीचा. सात दिवस घरात होता, मग गौरींबरोबर पाण्यात गेला. गेलेला पुन्हा डोळ्यांनी दिसेल असं कधी वाटलं नव्हतं हो मला.” त्यांनी बोट पडद्याजवळ नेलं, पण लावलं नाही. “कान बरोबर आला होता. डोळाही उतरला होता नीट. अंगठा मात्र उथळ पडला, बापू. तिचा खोल होता. जीभ बाहेर काढून दाबला होता तिने.”

“करंगळी वाकडी करून दाबतो. तरी उथळ येतो,” बापू म्हणाले. गृहपाठ राहिलेल्या पोरासारखा त्यांचा आवाज झाला होता. “यंदा बघतो.”

“कुणाचा अंगठा?” निलाक्षीने विचारलं.

“बकुळचा. माझ्या लेकीचा.”



“सहावीत होती,” अनसूयाबाई म्हणाल्या. “मे महिन्यापासून इथे येऊन बसायची. हट्टच धरला, घरचा गणपती मीच करणार. कुणाला बोट लावू दिलं नाही. बापू म्हणाले, कान तेवढा सुधारून देतो. तर म्हणते कशी, नको, त्याला त्या कानाने कमी ऐकू येतं, आमच्या आजोबांसारखं. सासरे बसले होते ना समोर! त्यांनी नेमकं तेवढं ऐकलं.”

त्या हसल्या. बापूही हसले.

“वाजतगाजत नेला आम्ही तो घरी. माझ्या हातांनीच बोळवला. पुढच्या वर्षी आणखी चांगला करीन म्हणाली होती. नवरात्रात ताप आला... घटाला सातवी माळ चढली, त्या दिवशी गेली.”



“आणि गणपती?” निलाक्षीने विचारलं.

“तो तर आधीच पाण्यात गेलेला. फोटो कुणाकडे होता तेव्हा? तिच्या हातचं घरात काही म्हणजे काही राहिलं नाही.” अनसूयाबाईंनी पाटाच्या कडेवरून हात फिरवला. “पुढच्या भाद्रपदात बापूंनी मोठी देखणी मूर्ती केली होती. मी पाट न उचलताच मागे फिरले. म्हटलं, हा आमचा नव्हे. हरितालिकेचा उपास होता, पाणीसुद्धा प्यायलेली नव्हते. बापूंनी मला तिथे बसवलं. म्हणाले, सांग, कसा होता? मी सांगत गेले, ते करत गेले. दिवेलागणीला नेला. तेव्हापासून दर वर्षी, तीसेक वर्षं झाली. आधी फार चुकायचा. पण मला दर वर्षी थोडं जास्त आठवतं, आणि बापूंना दर वर्षी थोडं जास्त जमतं.”

“पण काकू... व्यंग असलेली मूर्ती पूजेला चालत नाही, असं म्हणतात ना?”

“मलाही तीच धास्ती होती. पहिल्या वर्षी गुरुजी आले. मूर्तीकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं... आणि म्हणाले, आचमन करा.”

  तेवढ्यात निलाक्षीला आठवलं, फोटोच्या खाली परीक्षकांचे शेरे आहेत. ठळक अक्षरात.

तिने लॅपटॉप मिटायला हात पुढे केला.

उशीर झाला होता. अनसूयाबाई सातवी शिकलेल्या. अक्षरावर अक्षर ठेवत त्यांनी वाचायला सुरुवात केली होती.

“सर्वांत... कमी... गुण.”

“काकू, ते राहू द्या.”

“नवशिक्या... हाताचं... काम.” बोट ओळीखालून सरकत होतं. “मूर्ती एखाद्या... लहान मुलाने... केल्यासारखी... वाटते.”

बोट थांबलं.

निलाक्षीने डोळे मिटले. जमीन दुभंगली असती तर बरं झालं असतं.

“हे कुणी लिहिलं?” अनसूयाबाईंनी विचारलं.

“परीक्षकांनी. मूर्तिकार आहेत, कलाशिक्षक आहेत... अकरा जण.” ती लॅपटॉपशी वाकली. “मला माहीत नव्हतं, काकू. मी आत्ता पुसून टाकते.”

“पुसता कशाला?”

निलाक्षीने डोळे उघडले.

अनसूयाबाईंच्या गालांवरून पाणी वाहत होतं, आणि त्या हसत होत्या.

“बापू, ऐकलंत का? लहान मुलाने केल्यासारखी वाटते म्हणे! अकरा जणांना वाटली! एवढ्या शिकलेल्या माणसांना!... ओळखलं हो त्यांनी. बकुळला ओळखलं!”

बापूंनी पंच्याने नाक पुसलं.

“आणि ही रेघ कसली?”

 बापूच म्हणाले, “तुझ्या घरचीच. मागच्या तीन वर्षांची. अडीच, दोन, दीड.”

“कमी कमी होत आलेत?”

“होय.”

“बाई बाई...” अनसूयाबाईंनी पुन्हा हात जोडले.

निलाक्षी पडद्याकडे पाहत होती. तेच तीन ठिपके. तीच लाल रेघ. तीन वर्षं तिने ती रेघ शंभर वेळा पाहिली होती, शंभर जणांना दाखवली होती, हात सुटत चाललेल्या म्हाताऱ्याची रेघ म्हणून. आता तिथे तोच म्हातारा जपून जपून एकेक पायरी खाली उतरत होता. आणि अगदी खाली, तळाशी, अकरा वर्षांची एक मुलगी जीभ बाहेर काढून बसली होती.

 

“बरं, मी निघते,” अनसूयाबाई म्हणाल्या. “दिवा लावायचाय.” जाता जाता त्यांनी निलाक्षीच्या गालाला हात लावला. “सभेत दाखवणार ना हे? सगळ्यांसमोर? मग तिचं नावही सांगा हो. बकुळ लक्ष्मण भुवड. इयत्ता सहावी.”

त्या गेल्या. पायवाटेवरून त्यांची पावलं ऐकू येत राहिली, मग तीही थांबली.

...

“तुम्ही मला आधी का नाही सांगितलंत?” निलाक्षीने विचारलं. तिला रडू येत होतं आणि रागही येत होता.

“तू एकशे बारा प्रश्न विचारलेस मला. मी एकशे बाराही उत्तरं दिली.”

ते खरं होतं. किती वाजता उठता, कोणता रंग आवडतो, काम करताना मनात कोणते विचार येतात, सगळं तिने विचारलं होतं. मूर्ती कुणाची, तेवढं विचारलं नव्हतं. तेवढंच मुद्दाम कापलं होतं.

“किती दिवस लागतात हिला?”

“बाकीच्या तीन दिवसांत होतात. ही... बावीस, तेवीस.”

“एवढे?”

“हात फार शहाणा झालाय ग. जरा लक्ष चुकलं की कान सरळ करून ठेवतो. मग मोडायचा. पुन्हा बसायचं.”

निलाक्षीने कीबोर्डवर बोटं ठेवली. 

“मी बदलते सगळं. हिला पहिला क्रमांक देते. दहापैकी दहा. खरं कौशल्य काय असतं ते गुरुवारी सगळ्यांना...”

“खबरदार!”

तीन वर्षांत बापूंचा आवाज चढलेला तिने ऐकला नव्हता. ती दचकली.

“अनसूया जीव सोडेल. दहा गुणांची बकुळ कुठून आणायची तिने?”

“मग ही मूर्ती वगळते. राहिलेल्या मूर्तींवर...”

“आताच तर घरी आली ती. लगेच बाहेर काढतेस?”

“मग मी करू काय, बापू?” ती ओरडलीच. “परवाचा दिवस गेला की गुरुवार! तीन वर्षं गेली माझी. निबंध उलटा झालाय. त्या लोकांसमोर उभी राहून मी सांगू तरी काय?”

 बापूंनी हात पुढे केला.

तिला आधी कळलंच नाही. मग तिने पिशवीतून तो संमतीचा कागद काढला. बापूंनी तो गुडघ्यावर ठेवला, चष्मा लावला, एकेक ओळ वाचली. निष्कर्षावरून, उतारवयावरून, निसटणाऱ्या प्रतिभेवरून त्यांची नजर सावकाश फिरली. कुठे कपाळाला आठी पडली नाही. खाली त्यांनी सही केली. कागदाच्या कोपऱ्यावर मातीचं बोट उमटलं.

“पण यात लिहिलंय ते सगळं चुकीचं आहे, बापू!”

“असू दे. गुण बरोबर आहेत.”

त्यांनी लॅपटॉप उचलून तिच्या मांडीवर दिला. पाट मोकळा झाला. झाकलेल्या ढिगातून मातीचा एक गोळा काढून त्यांनी त्या पाटावर ठेवला. ओल्या फडक्याने हात पुसले... आणि नुसतेच बसून राहिले. त्या गोळ्याकडे पाहत. परीक्षेला बसलेल्या मुलासारखे.

निलाक्षी उठली. वाकली. नमस्कार करताना, कुणास ठाऊक का, तिचं कपाळ त्यांच्या पायांऐवजी त्या पाटाच्या कडेला टेकलं.

पायरीपर्यंत गेली असेल नसेल, मागून हाक आली.

“निलाक्षी...”

ती वळली.

“गुरुवारी जातेच आहेस, तर त्या अकरा जणांना माझं तेवढं विचारून ये... तो दीड त्यांनी कशाचा दिला?”